शिशाचे तुकडे बघायला इंग्लंडला

दिवस पहिला, लंडन

आधीच सांगून टाकतो, मी इंग्लंडला जाऊन आलो पण लंडन आयमध्ये बसलो नाही, राजवाड्यासमोर फोटो काढला नाही, आणि त्यावरून घरी अजून बोलणी खातोय. आठवडाभर फिरून जे बघितलं ते म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान, काळपट, वाकलेले शिशा-कथलाचे तुकडे. आमची ही तर निघतानाच म्हणाली होती, "हुपरीत काय शिसं कमी आहे का, तिकडं कशाला तडफडताय?" आणि ती आली नाही.

आमचं घर हुपरीचं, चांदीच्या कामातलं. आजोबा देवघरातले टाक करायचे, म्हणजे ठशावर चांदीचा पातळ पत्रा बसवून खंडोबा, भैरोबा, तुळजाभवानी उठवायची. मी पुढं पैंजणाच्या धंद्यात गेलो पण हात तोच. तर लंडनला शिकायला गेलेल्या पुतणीनं दोन वर्षांपूर्वी एक फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, "काका हे आपल्या टाकासारखं नाही वाटत?" फोटोत एका बिशपचं तोंड, डोक्यावर उंच टोपी, मागं पिन, आणि सगळं मिळून अंगठ्याच्या पेराएवढं. सातशे वर्षांपूर्वीचा यात्रेचा बिल्ला. यात्रेकरू इंग्लंडमधल्या कँटरबरी या क्षेत्राला जाऊन यायचे आणि येताना हे विकत घेऊन टोपीला नाहीतर अंगरख्याला लावून यायचे. मला त्या बिशपशी काही देणंघेणं नव्हतं, मला फक्त कळेना की एवढं पातळ, जाळीदार काम ओतलं कसं.

म्हणून पहिल्याच दिवशी, झोप अर्धवट असताना, ब्रिटिश म्युझियम. मध्ययुगीन युरोपचं दालन वरच्या मजल्यावर, खाली इजिप्तच्या दगडी पुतळ्यांपाशी पंढरपूरच्या दर्शनबारीसारखी गर्दी आणि वर मी, पुतणी आणि एक सिक्युरिटीवाला. काचेपलीकडचे बिल्ले बघून पहिल्यांदा खरं सांगायचं तर निराशाच झाली, कारण फोटोत मोठे दिसतात. मग वाकून बघायला लागलो आणि अर्धा तास तिथून हललो नाही.

हे सगळं ओतकाम आहे. दगडाचा साचा, बारीक कणाचा दगड, त्यात उलटं कोरलेलं चित्र, दोन किंवा तीन भाग एकमेकांवर घट्ट बसवायचे आणि वरनं रस सोडायचा. कथील आणि शिसं एकत्र केलं की दोन्हींपेक्षा कमी उष्णतेला पाणी होतं, कथील एकटं २३२ अंशाला वितळतं, शिसं ३२७ ला आणि प्रमाण जमलं तर मिश्रण १८३ लाच. डाग द्यायच्या, म्हणजे धातूचे सांधे जोडायच्या, कामात असलेल्या कुणालाही हे माहीत असतं. त्यामुळं साधी चूल पुरते, दगडाला तडा जात नाही, आणि एकाच साच्यातून माल काढत राहायचं. मागची पिनसुद्धा त्याच ओतात येते, वेगळी जोडायची भानगड नाही, कानस जवळजवळ नाही. पुतणीला वाटलं मी म्हणणार केवढी कलाकुसर, मी म्हटलं अगं हे प्रॉडक्शन आहे, कलाकुसर आहे ती साचा कोरणाऱ्याची, ओतणारा कुणीही पोरगा असेल.

आणि प्रॉडक्शन म्हणजे किती, तर स्वित्झर्लंडमधल्या आइनसीडेल्न या क्षेत्राचा १४६६ चा आकडा सांगतात, दोन आठवड्यांत १ लाख ३० हजार बिल्ले खपले. आमच्या गावात सगळ्यांनी मिळून दिवाळीच्या सीझनला एवढे पैंजण काढले तर पेढे वाटतील.

दिवस दुसरा, थेम्सचा गाळ

हे बिल्ले सापडतात कुठं, तर देवळात नाही, घरात नाही, बहुतेक नदीत. लंडनला थेम्स, पॅरिसला सेन, हॉलंडमध्ये तर बुडालेल्या गावांच्या चिखलात. गाळात हवा पोचत नाही म्हणून धातू टिकतो, नाहीतर हे असलं मऊ शिसं कधीच माती झालं असतं किंवा कुणीतरी आटवून वापरलं असतं. पॅरिसला एकोणिसाव्या शतकात आर्थर फोर्झे नावाचा माणूस होता, सेनमधून मजूर जे काढतील ते विकत घ्यायचा, त्याचा बराच साठा आता तिथल्या क्लूनी म्युझियममध्ये आहे.

ओहोटीची वेळ बघून आम्ही बँकसाइडला पायऱ्या उतरून काठावर गेलो. थेम्स समुद्राच्या भरतीनं सहासात मीटर वरखाली होते हे मला माहीतच नव्हतं, सकाळी पाणी होतं तिथं दुपारी आपण चालतोय. पायाखाली विटांचे तुकडे, हाडं, मातीच्या चिलमींच्या नळ्या, सगळं जुनं. मी वाकून काहीतरी उचलणार तेवढ्यात पुतणी ओरडली, "काका हात नका लावू!" इथं नुसतं डोळ्यानं शोधायलाही बंदर खात्याचा परवाना लागतो, आणि तीनशे वर्षांपेक्षा जुनं काही मिळालं तर म्युझियमला कळवावं लागतं. हात खिशात घालून चाललो. चांदीवाल्याला असं चालायला लावणं म्हणजे शिक्षा आहे.

मग नदीत का, यावर विद्वानांत एकमत नाही. काही म्हणतात सुखरूप परत आलो म्हणून पुलावरून पाण्यात सोडायचे, आपण गाडीतनं नदी ओलांडताना नाणं टाकतो तसं. काही म्हणतात कसलं काय, कचरा होता, शहराचा सगळा कचरा काठाला भराव म्हणून टाकायचे त्यातून आलेत. मला दोन्ही पटतं, कारण आमच्या घरी यात्रेहून आणलेल्या वस्तूचं दोन्ही होतं. पहिली काही वर्षं देव्हाऱ्यात, मग ट्रंकेत, मग एक दिवस कुणीतरी म्हणतं टाकवत नाही आणि ठेववत नाही, चला नदीत सोडू. म्हणजे कचरा आणि विसर्जन यांच्यात फार अंतर नसतं.

जुना लंडन पूल आत्ताच्या पुलाच्या जरा खालच्या अंगाला होता, १२०९ ला बांधून झाला, आणि त्याच्या मधोमध, ज्याच्या दर्शनाला लोक कँटरबरीला जायचे त्या संत थॉमस बेकेटचं चॅपल होतं. बेकेट मूळचा लंडनचाच, चीपसाइडचा पोरगा, त्यामुळं कँटरबरीला निघायचं तर आधी पुलावर त्याला नमस्कार. पूल ओलांडला की साउथवर्क, तिथं टॅबर्ड नावाची धर्मशाळावजा खानावळ होती जिथून चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या कथांमधले यात्रेकरू कँटरबरीला निघतात. खानावळ १६७६ च्या आगीत गेली, नंतर बांधलेली एकोणिसाव्या शतकात पाडली, आता टॅल्बट यार्ड नावाचा बोळ आणि भिंतीवर एक पाटी. पाटीखाली डिलिव्हरीच्या गाड्या. दोन मिनिटांत बघून झालं आणि आम्ही बरो मार्केटमध्ये जाऊन खाल्लं.

खाताना पुतणीनं सांगितलेलं मात्र डोक्यात राहिलं. चॉसरच्याच काळातला लँगलंड नावाचा कवी, त्याच्या काव्यात सत्याच्या शोधात निघालेल्या लोकांना वाटेत एक पक्का यात्रेकरू भेटतो, टोपीवर पवित्र पाण्याच्या शंभर कुप्या, सिनाईची खूण, स्पेनमधल्या गालिशियाचे शिंपले, रोमच्या किल्ल्या, सगळं अंगावर. लोक विचारतात, बाबा एवढं फिरलास, सत्य नावाच्या संताकडं जायची वाट माहीत आहे का? तो म्हणतो, छे, असल्या संताबद्दल विचारणारा यात्रेकरू मला आजवर भेटलाच नाही. मला लगेच आमच्या गल्लीतले एक गृहस्थ आठवले, चारधामचे फोटो हॉलमध्ये फ्रेम करून आणि सख्ख्या भावाशी बांधावरून कोर्टात. नाव लिहीत नाही, ते हे वाचतील.

लंडनचे सगळ्यात जास्त बिल्ले शहराच्या म्युझियमकडं आहेत पण त्यांची जुनी इमारत २०२२ च्या डिसेंबरात बंद झालेली आणि स्मिथफील्डची नवी आम्ही गेलो तेव्हा उघडली नव्हती. नशीब.

दिवस तिसरा, कँटरबरी

सेंट पँक्रसहून फास्ट ट्रेन, तासाभरात कँटरबरी वेस्ट. जुन्या लोकांना घोड्यावर तीनचार दिवस लागायचे. स्टेशनवरून जुन्या वेशीतून आत शिरलो की सरळ रस्ता कॅथेड्रलकडं.

गोष्ट थोडक्यात अशी. राजा दुसरा हेन्री आणि आर्चबिशप थॉमस बेकेट, आधी जिवलग मित्र, मग चर्चच्या अधिकारावरून वैर. २९ डिसेंबर ११७० ला राजाच्या चार सरदारांनी कॅथेड्रलच्या आत शिरून त्याला तलवारीनं मारलं, आणि एकाचा वार इतका जोरात की डोकं फुटून तलवारीचं टोक फरशीवर मोडलं. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी ११७३ मध्ये, पोपनं त्याला संत जाहीर केलं. ११७४ ला खुद्द राजा अनवाणी आला आणि मठातल्या साधूंकडून पाठीवर फटके खाल्ले. पुढं १५३८ मध्ये आठव्या हेन्रीनं समाधी फोडली आणि सोनं-रत्नं गाड्या भरून नेली. पण मधल्या साडेतीनशे वर्षांत युरोपातल्या मोठ्या क्षेत्रांत याचं नाव.

मेला तिथं आता भिंतीवर मोडक्या तलवारींचं नवं शिल्प आहे आणि जमिनीवर नुसतं थॉमस लिहिलंय. त्यापेक्षा मला वर जायच्या पायऱ्यांनी धरून ठेवलं, दगडी पायऱ्या मधोमध इतक्या झिजल्यात की ताटलीसारखा खळगा पडलाय. वर समाधीच्या जागी काहीच नाही, मोकळी फरशी आणि एक पेटती मेणबत्ती. सभोवती बेकेटच्या चमत्कारांच्या काचेच्या खिडक्या, तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या. एका खिडकीत फॉर्डविचचा वेडा हेन्री आहे, एका चौकटीत त्याला हात बांधून दोघं काठ्या मारत आणतायत, दुसऱ्यात तोच माणूस शांत गुडघे टेकून आणि काठ्या-दोर खाली पडलेले. मी ते बराच वेळ बघत उभा राहिलो. आपल्याकडंही काही ठिकाणी असंच आणतात, साखळ्या घालून.

आता कुपीची गोष्ट, जी ऐकायला मी खरंतर आलो होतो. बेकेट मेला त्याच रात्री लोकांनी त्याचं रक्त कापडानं टिपलं, मग मठातल्या साधूंनी ते पाण्यात मिसळून, अगदी पातळ करून, द्यायला सुरुवात केली. कँटरबरीचं पाणी. प्यायचं, लावायचं, घरी न्यायचं. न्यायचं कशात? आधी लाकडी छोट्या डब्या दिल्या. त्या गळायच्या. बेनेडिक्ट नावाच्या साधूनं तेव्हाच हे सगळं लिहून ठेवलंय, आणि डबी गळाली किंवा तडकली की लोक म्हणायचे हा माणूस संताला पसंत नाही, पाणी त्याच्याकडं राहायला तयार नाही. बिचारे. लाकूड वाळलं की तडकतं हे सांगायला सुताराची गरज नाही. शेवटी कथलाच्या कुप्या आल्या, चपट्या, दोन्ही बाजूंना कान, दोरी ओवून गळ्यात घालायच्या, पाणी भरून तोंड दाबून बंद. काही कुप्यांवर लॅटिनमध्ये लिहिलेलं असतं त्याचा अर्थ असा की भल्या आजाऱ्यांना थॉमससारखा वैद्य नाही. वैद्य कसला, औषधाच्या बाटलीवरचं लेबलच ते. आणि त्यात तो "भल्या" शब्द बघा, गुण नाही आला तर दोष कुणाचा ते आधीच ठरलेलं.

बिल्ले नंतरचे, चौदाव्या शतकापासून जोरात. आणि व्हरायटी म्हणाल तर आमच्या कॅटलॉगला लाजवेल. बेकेटचं नुसतं डोकं, कारण कॅथेड्रलमध्ये त्याच्या कवटीच्या तुकड्यासाठी केलेला डोक्याच्या आकाराचा पेटारा होता त्याची ती नक्कल. वनवासातून परत आला ते जहाज. छोट्या घंटा. हातमोजे. आणि माझा सगळ्यात आवडता, मारेकऱ्याची तलवार, दोन बोटं लांब, म्यानासकट, आणि ती म्यानातून खरंच बाहेर येते. हे मी पाहिल्यावर हसलोच. ज्यानं संताला मारलं त्याचंच हत्यार टोपीला लावून घरी न्यायचं, आणि वर खेळायला मुलाला द्यायचं. पण क्रूस तरी काय वेगळा आहे म्हणा.

शहरातल्या बीनी म्युझियममध्ये इथल्या स्टूर नदीच्या बाजूला सापडलेल्या जुन्या वस्तू बघितल्या आणि मग मर्सरी लेनमध्ये चहा घेतला. ही कॅथेड्रलच्या दरवाज्यासमोरची अरुंद गल्ली, वरचे मजले पुढं आलेले, दोन्हीकडच्या खिडक्यांतून माणसं हस्तांदोलन करतील एवढं अंतर. बिल्ल्यांची दुकानं इथं असायची. चॉसरच्या यात्रेकरूंची पुढची गोष्ट पंधराव्या शतकात कुणीतरी वेगळ्यानंच लिहिली, त्यात सगळी मंडळी दर्शन घेऊन बिल्ले विकत घेतात आणि त्यातला चक्कीवाला मात्र गुपचूप खिसा, म्हणजे छाती, भरून बिल्ले चोरतो. देवदर्शनाला येऊन बिल्ले चोरणारा. जत्रेत हे होतंच, जेजुरीला आमच्या काकांची नवी चप्पल गेली होती आणि येताना ते दुसऱ्याची घालून आले.

आता त्याच गल्लीत फ्रिज मॅग्नेट मिळतात. चीनचे. घेतला नाही.

दिवस चौथा, रेल्वे

दिवसभर पाऊस, कँटरबरीहून लंडन आणि लंडनहून किंग्ज लिन. बॅग, छत्री, बदलाबदली, थंड सँडविच. लिहिण्यासारखं काही नाही, फक्त ट्रेनमध्ये पुतणीनं गुटेनबर्गची गोष्ट सांगितली ती.

छपाईचा बाप गुटेनबर्ग. पण छापखान्याच्या आधी तो श्ट्रासबुर्गला यात्रेचे आरसे काढायच्या धंद्यात होता. जर्मनीत आखेनला दर सात वर्षांनी येशूच्या आईचा, मेरीचा झगा वगैरे पवित्र कापडं उंचावरून दाखवायचे, गर्दी इतकी की जवळ जायचं नाव नको. मग लोक बिल्ल्यात बसवलेला छोटा आरसा वर धरायचे, म्हणजे त्या वस्तूतून निघणारी पुण्याई आरशात पडते आणि आरसा घरी नेला की तीही बरोबर येते. पालखीच्या वेळी रिंगणात सगळे मोबाइल वर धरून उभे असतात ना, तेच, फक्त बॅटरी नको. तर गुटेनबर्गनं १४३८ मध्ये भागीदार घेऊन भांडवल घातलं, पुढच्या वर्षीच्या यात्रेला हजारो आरसे विकायचे म्हणून, आणि यात्रा प्लेगमुळं एक वर्ष पुढं ढकलली गेली. पैसा अडकला, एक भागीदार वारला, त्याच्या भावांनी कोर्टात खेचलं. कोर्टाच्या कागदांमुळंच आपल्याला हे कळतं. आणि हाच माणूस पुढं शिशा-कथलाचेच अक्षरांचे खिळे ओतून पुस्तक छापतो. माल अडकल्यावर माणूस काय काय डोकं चालवतो ते धंद्यातल्यानं मला सांगू नये.

दिवस पाचवा, किंग्ज लिन

जुनं बंदर, शांत, संध्याकाळी सहाला गाव झोपतं. यात्रेकरू बोटीनं इथं उतरायचे आणि पुढं चालत वॉल्सिंगम या मेरीच्या क्षेत्राला जायचे. इथल्या लिन म्युझियममध्ये लोक मुख्यतः समुद्रकाठी सापडलेलं चार हजार वर्षांपूर्वीचं लाकडी वर्तुळ बघायला येतात, आम्ही त्याला वळसा घालून बिल्ल्यांकडं. लंडनबाहेरच्या मोठ्या संग्रहांपैकी हा एक. आणि जमवला कुणी, तर थॉमस पंग नावाच्या इथल्याच जवाहिऱ्यानं, एकोणिसाव्या शतकात. गाळात खेळणारी पोरं काहीबाही घेऊन यायची आणि हा त्यांना पैसे द्यायचा. मला या माणसाबद्दल एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. सोनाराच्या दुकानात पोरगं शिशाचा तुकडा घेऊन येतं, शिशाला किंमत नाही, तरी हा घेतो. आमच्या पेठेत असलं कुणी केलं असतं तर लोक म्हणाले असते याचं डोकं फिरलंय.

इथं बघताना पहिल्यांदा लक्षात आलं की किती बिल्ले मोडलेले नसून मुद्दाम वाकवल्यासारखे आहेत. आणि किती सामान्य आहेत. राजे चांदीचे लावत, फ्रान्सचा अकरावा लुई राजा असून टोपीला शिशाचे लावायचा आणि लोक हसायचे, पण हे इथले सगळे गरिबाचे. चांदीच्या माणसाला हे सुचत नाही, किंमत धातूत नव्हती. तो बिल्ला आधी समाधीला टेकवायचा, मग तो नुसता बिल्ला राहत नाही. आपण नाही का नवीन माळ, अंगठी, गाडीची किल्लीसुद्धा पुजाऱ्याकडं देतो, "जरा पायाला लावून द्या". मग त्या माळेची किंमत सोनार कशी करणार? घरी आणलेले बिल्ले लोक प्रार्थनेच्या पुस्तकात शिवून ठेवायचे, दाराला ठोकायचे, कुणी घंटा ओततानाच साच्यात ठेवायचे म्हणजे घंटेवर संत उमटतो. पुस्तकातले बिल्ले पुढं गेले पण पानावर गोल डाग आणि सुईची भोकं राहिलीत, पुतणीनं फोटो दाखवले.

आणि हो, धर्माची मंडळी हे सगळं फुकट सोडत नव्हती. पोप तिसऱ्या इनोसंटनं ११९९ मध्ये रोमच्या संत पीटर-पॉलच्या बिल्ल्यांचा ठेका तिथल्या सेंट पीटर चर्चच्या पुरोहितांना दिला, बाहेरच्यानं ओतायचे नाहीत. गालिशियातल्या सांतियागो या क्षेत्राची खूण शिंपला, तिथं तो विकणाऱ्यांची वेगळी जमात होती, १२०० मध्ये आर्चबिशपशी करार होऊन शंभर दुकानं ठरली, २८ चर्चची आणि ७२ त्यांची. सांतियागोबाहेर शिंपले विकले तर धर्मातून काढू अशी पोपची धमकी. ब्रँड सांभाळणं म्हणतात ते हेच, आमच्या हॉलमार्कवाल्यांनी वाचावं.

संध्याकाळी हॉटेलात पुतणीनं हॉलंडमधल्या नायमेगेनच्या विद्यापीठाचा बिल्ल्यांचा डेटाबेस उघडला, हजारो फोटो, मी खूश, खाली सरकवत बसलो आणि एकदम असं काही आलं की ते काका-पुतणीनं एकत्र बसून बघायची गोष्ट नव्हे. पायावर चालणारी लिंगं, मुकुट घातलेल्या योनी, एक तर यात्रेकरूची टोपी घालून काठी घेऊन निघालेली. त्याच काळातले, त्याच धातूचे, हॉलंड-फ्लँडर्सच्या चिखलात संतांच्या बिल्ल्यांशेजारीच सापडतात. कुणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून, कुणी म्हणतं यात्रेकरूंची टिंगल, कुणी म्हणतं नुसती जत्रेतली चेष्टा. पुतणी म्हणाली, "काका, झोपा आता." झोपलो.

दिवस सहावा, वॉल्सिंगम

बसनं फेकनम, तिथून दुसऱ्या बसनं. बस दर थांब्याला थांबते आणि ड्रायव्हर प्रत्येक म्हातारीशी बोलतो, त्यामुळं कोकणातल्या एसटीत बसल्याचं सुख मिळालं.

वॉल्सिंगमची गोष्ट म्हणजे १०६१ मध्ये रिचेल्डिस नावाच्या बाईला मेरीनं दृष्टांत दिला आणि नाझरेथचं आपलं घर दाखवून म्हणाली असंच इथं बांध. परंपरा तसं सांगते. ते लाकडी घर मग क्षेत्र झालं, इंग्लंडात कँटरबरीच्या तोडीचं. आठवा हेन्री तरुणपणी १५११ मध्ये इथं भक्तिभावानं आला, आणि त्यानंच १५३८ मध्ये हे बंद पाडून मूर्ती जाळायला लावली. आता मठाची एक प्रचंड कमान तेवढी हिरवळीवर उभी आहे, मागं काही नाही, दारच आहे आणि घर नाही. आम्ही तिथं गवतावर बसून पुतणीनं आणलेला चिवडा खाल्ला.

गावापासून मैलभर अलीकडं स्लिपर चॅपल आहे, यात्रेकरू इथं जोडे काढून उरलेला मैल अनवाणी जायचे असं सांगतात. कॅथलिकांचं क्षेत्र तिथं, अँग्लिकनांचं, म्हणजे इंग्लंडच्या स्वतःच्या चर्चचं, गावात, १९३१ मध्ये नव्यानं बांधलेलं. एकाच गावात देवीची दोन देवस्थानं, हे आपल्याला समजावून सांगायला नको. गावातल्या दुकानदारीणबाईंनी आम्हाला बघून विचारलं, जुलैत का नाही आलात? कारण जुलैत इथं तमिळांची मोठी यात्रा असते, श्रीलंकेचे, भारतातले, हजारोंनी येतात आणि त्यात हिंदूही असतात. मला ते अगदी पटलं, बांद्र्याच्या मोतमावलीला सप्टेंबरात कोण कोण जातं बघा, मेणाचे हात-पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं हातात घेऊन. कँटरबरीलाही बेकेटपुढं मेणाचे अवयव वाहायचे.

वॉल्सिंगमच्या कुप्या मात्र नदीत कमी आणि शेतात जास्त सापडतात. मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या रानात फिरणाऱ्या लोकांना मिळतात, एका बाजूला शिंपला, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि खाली डब्ल्यू अक्षर, ते वॉल्सिंगमचं मानतात. कित्येकांचं तोंड कापलेलं किंवा पिळून उघडलेलं. म्हणजे काय झालं असावं, तर शेतकरी यात्रेहून पाणी आणतो, पेरणीच्या आधी नाहीतर रोग पडला म्हणून रानात येतो, तोंड पिरगाळून शिंपडतो आणि रिकामी कुपी तिथंच टाकून देतो. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर माझा भाऊच आला. पंचगंगेच्या काठाला दीड एकर ऊस, आणि गाणगापूरचं भस्म आणलं की पहिली चिमूट उसाच्या बांधावर. कुणी शिकवलं त्याला? कुणीच नाही.

इरास्मस नावाचा डच विद्वान १५१२ मध्ये इथं येऊन गेला आणि पुढं त्यानं यात्रेची टर उडवणारा संवाद लिहिला, त्यातला यात्रेकरू अंगभर शिंपले, कथलाच्या-शिशाच्या मूर्ती लटकवून घरी येतो आणि शेजारी विचारतो हा कसला अवतार. हुशार माणूस, बरोबरच बोलतो. पण त्याच्याकडं दीड एकर रान नव्हतं.

अँग्लिकन देवळातल्या विहिरीचं पाणी दुपारी देतात, एक घोट प्यायला, कपाळाला थोडं, थोडं ओंजळीत. रांगेत उभे राहिलो. मला कुणी धर्म विचारला नाही. पाणी भयंकर गार. दुकानातून प्लास्टिकची छोटी बाटली घेतली, भरून घेतली आणि टोपीचं झाकण दोनदा दाबलं. पुतणी बघतच राहिली, "तुम्ही? काका तुम्ही तर शिसं बघायला आला होता."

दिवस सातवा आणि नंतर

विमानतळावर बाटली पारदर्शक पिशवीत टूथपेस्ट आणि शेव्हिंग क्रीमच्या मधे घालून आणली. तपासणाऱ्यानं एकदा उजेडात धरली, परत ठेवली.

घरी आल्यावर ती फ्रिजवर ठेवली, देव्हाऱ्यात ठेवायला ही तयार नव्हती आणि टाकायलाही तयार नव्हती. भाऊ म्हणाला दे इकडं, उसाला घालतो. देतो म्हटलं, नंतर. काल बघितलं तर निम्मी रिकामी. कुणी प्यायलं नाही, पोरांनी हात लावला नाही, झाकण घट्ट आहे, खाली फ्रिजवर ओल नाही. मी म्हटलं प्लास्टिक हलकं असणार, झाकणातून हवा जात असेल. ही म्हणाली, "हो ना, असंच असेल," आणि मला त्या लाकडी डब्यांची गोष्ट मीच हौसेनं सांगितली होती, त्यामुळं पुढं काही बोलता आलं नाही.